‘खुशाल’ म्हटलं होतं मी

अकरा वर्षांच्या मुलीला कोरियन प्रेममालिका पाहू द्यावी का, असं म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या माझ्या मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणाले होते, ‘खुशाल!’ माझी कसोटी सोपी होती: लगट किती आणि शिव्या किती. नातीची लाडकी ‘ट्रू ब्यूटी’ या कसोटीला उतरली. शाळेतली मुलं, लाजतबुजत बोलणारी, मोठ्यांपुढे कमरेतून वाकणारी. आमच्या घरी रात्री ज्या मराठी मालिका चालतात, त्यांतली कारस्थानं पाहता हे तर सोवळंच. एक ‘ओप्पा’ तेवढा पचला नाही. थोरला भाऊही ओप्पा आणि प्रियकरही! आपल्याकडे कुणी दादा म्हणून पाहावं बरं.

मत फिरलं ते दसऱ्यात. राजवाड्यावरची लाखभर दिव्यांची रोषणाई पाहायला निघालो होतो. सगळे चपला घालून दारात उभे, आणि नात आरशासमोर. हनुवटीवर एवढीशी पुटकुळी, तिच्यावर आईच्या फाउंडेशनचे थरावर थर. ‘आजी, वर्गातलं कुणी भेटलं तर? असा चेहरा नाही दाखवायचा.’ आम्ही पोचेपर्यंत दिवे मालवले होते.

त्याच आठवड्यात मी सोळाही भाग पाहिले. तोवर दोनच पाहिले होते, तेही अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलता सोलता. ही कबुली मैत्रिणींना आजवर दिली नव्हती.

नायिकेला जुन्या शाळेत दिसण्यावरून छळतात. ती मेकअप शिकते, नव्या शाळेत एकदम ‘देवी’ ठरते, आणि मग उघडा चेहरा कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जिवाचं रान करते. नायकाच्या एका मित्राने आत्महत्या केलेली, तिची सावली कितीतरी भागांवर. मी मात्र चुंबनं मोजत बसले होते! मालिकेवर अन्याय नको: नायक तिला मेकअपशिवाय पाहतो आणि तरी जीव लावतो. हेतू चांगलाच आहे. पण तो पुरता कळायला शेवटपर्यंत दम धरावा लागतो, आणि मेकअप पहिल्याच भागात हाती लागतो.

२०२१च्या नियमांनी ओटीटीवाल्यांना वयाचे शिक्के मारायला लावले: सात, तेरा, सोळा आणि प्रौढ. तेरापासून पुढे पालकांसाठी कुलपाचीही सोय. कोपऱ्यातला तो आकडा मी कधी चष्मा लावून पाहिलाच नव्हता. अर्थात पुटकुळीचं त्या आकड्यात कुठे लिहिलेलं असतं?

मालिका बंद केली नाही. बंद केली असती तर तिने मैत्रिणीकडे जाऊन पाहिली असती. आता आम्ही दोघी पहिल्यापासून पाहतोय, रविवारी एक भाग, आणि मध्येच थांबवून भांडतोसुद्धा. परवा म्हणाली, ‘आजी, मेकअप नसतानाच ती जास्त हसते.’ मला ते दिसलंही नव्हतं.

मैत्रिणींनो, ‘खुशाल’ हा शब्द मी परत घेते. अकराव्या वर्षी एकटीने नको.