सरकारी जागेतला देव, देवाच्या दारातलं सरकार

रायपूर सोडून बिलासपूरच्या हमरस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात धुराडी दिसू लागतात. हे सिलतरा. स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने, ट्रकांची रांग आणि पानापानांवर बसलेली काळी भुकटी, ही या औद्योगिक वसाहतीची ओळख. पर्यटकानं थांबावं असं इथं फारसं काही नाही. पण छत्तीसगड पाहायला निघालेल्यानं इथून दोन वाटा जरूर धराव्यात. दोन्हींच्या टोकाला श्रद्धेची भव्य स्मारकं आहेत आणि दोन्हींना सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला आहे.

वाटेत झाडाच्या पारावर, वळणावर लहानसहान देवस्थानं भेटतील. अशांसाठी कायदा कडक आहे. रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा असं कोणतंही नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2009 रोजी सर्व राज्यांना बजावलं. जुन्यांचा निर्णय एकेक प्रकरण तपासून घ्यायचा होता.

भाच्याचं आजोळ

पहिली वाट चंदखुरीची, रायपूरहून सुमारे 27 किलोमीटर. तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं देऊळ आहे. दक्षिण कोसल हे कौसल्येचं माहेर, म्हणून राम इथला भाचा. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामागेही लोक हेच कारण सांगतात. काँग्रेस सरकारनं ‘राम वनगमन पर्यटन परिपथ’ आखला, देवळाचा परिसर सजवला, 51 फुटी राममूर्ती उभारली. 7 ऑक्टोबर 2021 ला मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी लोकार्पण केलं.

पांढरा खांब

दुसरी वाट बलौदाबाजारमार्गे गिरौदपुरीची. 18 डिसेंबर 1756 रोजी गुरू घासीदास इथे जन्मले. सगळी माणसं सारखी, ही त्यांची शिकवण. सतनामी मूर्ती पूजत नाहीत. गावोगाव त्यांचा जैतखाम, म्हणजे पांढऱ्या निशाणाचा जयस्तंभ असतो. गिरौदपुरीचा सरकारनं बांधलेला जैतखाम मात्र 77 मीटर उंच, कुतुबमिनारापेक्षाही वरचढ. 2015 मध्ये तो खुला झाला तेव्हा राज्यात भाजपचं सरकार होतं.

पक्ष वेगळे, पंथ वेगळे, रीत एकच. पारावरचं देऊळ ‘अतिक्रमण’ ठरतं आणि सरकारनं बांधलेलं स्मारक ‘पर्यटन’.

घटनेचं कलम 27 सांगतं, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. पण 2011 मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की करातला मोठा हिस्सा एकाच धर्मावर खर्च झाला तरच या कलमाचा भंग होतो. थोडक्यात, आपल्याकडे धर्म आणि सरकार यांच्यात भिंत नाही, कुंपण आहे, आणि त्याला फाटकही आहे.

त्या फाटकापाशी काय घडू शकतं, हे बलौदाबाजारनं पाहिलं. मे 2024 मध्ये गिरौदपुरीजवळच्या अमरगुफा परिसरात जैतखामाची तोडफोड झाली. काहींना अटक झाली, पण समाजाचं समाधान झालं नाही. सीबीआय चौकशीची मागणी झाली. 10 जूनला आंदोलन चिघळलं आणि जमावानं जिल्हा कार्यालयाची इमारत पेटवली. जिथं सर्व धर्मांची माणसं दाखल्यांसाठी एकाच रांगेत उभी राहतात, ती ही इमारत. सतनाम्यांच्या दृष्टीनं त्यांचा खांब म्हणजे त्यांची प्रतिष्ठा, आणि ती राखायला त्यांना उंच मनोऱ्यापेक्षा विश्वासार्ह तपास हवा होता. मनोरा कंत्राट देऊन बांधता येतो, विश्वासाचं तसं नसतं.

कसं जाल? रेल्वे आणि विमान दोन्ही रायपूरपर्यंत. चंदखुरी अर्ध्या दिवसात होते. गिरौदपुरी बलौदाबाजारहून सुमारे 40 किलोमीटर, तिथं फाल्गुनात मोठी जत्रा भरते. उन्हाळा टाळावा, 18 डिसेंबरच्या सुमारास जावं. गावोगावच्या जैतखामांवर तेव्हा नवं पांढरं निशाण चढतं, आणि ते लोक स्वतः चढवतात.