पोत्सुओली : वर येणाऱ्या भूमीवरचें गांव

नेपल्सच्या मोंतेसांतो स्थानकावरून कुमाना नांवाची एक लहानशी आगगाडी सुटते आणि बोगद्यांतून धडधडत पश्चिमेकडे जाऊन थोड्याच वेळांत समुद्रकांठच्या पोत्सुओली गांवीं आणून सोडते. इटलीस जाणारे आपले लोक बहुधा व्हेसूव्हियस व पाँपेई पाहून परततात. आम्ही मात्र येथें आलों तीन खांबांसाठीं.

१७५० सालीं उत्खनन होतांना सेरापिस देवाची मूर्ति सांपडली, म्हणून या जागेस लोक देऊळ म्हणूं लागले. वस्तुतः ती रोमन काळची मंडई होय. आज तेथें संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. खांबांचा तळाकडील भाग गुळगुळीत आहे. परंतु त्यावर पुरुषभराहून अधिक उंचीचा एक पट्टा भुंग्यांनीं वासा पोखरावा तसा छिद्रांनीं भरलेला आहे. हीं छिद्रें समुद्रांतील शिंपल्यांच्या जीवांनीं पाडलेलीं आहेत. म्हणजे हे खांब उभ्याचे उभे समुद्रांत बुडाले आणि तसेच पुन्हां वर आले! भूगर्भशास्त्रज्ञ लायेल याने १८३० सालच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीं याच खांबांचें चित्र छापलें होतें.

याचें कारण पायांखालींच आहे. येथें शिखर असलेला एकच असा ज्वालामुखी नाहीं. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची एक कढई आहे, तिचा कांहीं भाग समुद्राखालीं गेला आहे आणि उरलेल्या भागावर वस्ती झाली आहे. 'काम्पी फ्लेग्रेई', अर्थात् जळतीं शेतें, हें तिचें नांव. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीं तिचा महास्फोट झाला, पुढें सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीं दुसरा. शेवटचा उद्रेक १५३८ सालचा. त्या वेळीं आठवड्याभरांत एक नवी टेकडीच उभी राहिली. तिला आजही 'नवा डोंगर' असेंच म्हणतात.

येथील भूकंपांची एक रीत आहे, आणि तीच या गांवाची खरी जन्मपत्रिका होय. भूमि खचते तेव्हां ती निमूटपणें खचते. वर येऊं लागली कीं धक्के सुरू होतात. १९८२ ते १९८४ या काळांत बंदराजवळची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली, तेव्हां सोळा हजारांहून अधिक भूकंपांची नोंद झाली. बंदरांत पाणी उथळ झालें. नंतर भूमि पुन्हां उतरूं लागली आणि भूकंपही जवळजवळ थांबले. २००५ पासून ती पुन्हां वर येत आहे; सव्वा मीटराहून अधिक आली आहे, आणि तिच्याबरोबर धक्क्यांची संख्या व जोरही वाढत गेला. मे २०२४ मध्यें ४.४ तीव्रतेचा, तर २०२५ च्या मार्चांत व जूनमध्यें ४.६ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणाऱ्यांस हे आंकडे किरकोळ वाटतील. परंतु येथील भूकंप बहुतेक तीन-चार किलोमीटरांच्या आंतच उपजतात. त्यामुळें लहान धक्काही घराच्या पायाशींच सुरुंग उडाल्यासारखा भासतो.

भूमीस वर ढकलतें कोण? गंधकाच्या वाफा सोडणाऱ्या सोल्फातारा विवराच्या आसपास भूकंपांचे थवेच्या थवे येतात. खडकांत कोंडलेली वाफ व वायु यांचा दाब वाढतो, असें कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात; त्यामागें खालून सरकणारा शिलारसही आहे, असें इतरांचें मत. वाद मिटलेला नाहीं. १८४१ साली स्थापन झालेली व्हेसूव्हियसची वेधशाळा रात्रंदिवस पहारा करीत असते.

आम्ही उतरलों होतों त्या घरच्या आजीबाईंस मात्र या वादांत गोडी नव्हती. १९८३ सालीं त्या नव्या सूनबाई होत्या. हजारों लोकांबरोबर त्यांनाही घर सोडावें लागलें; सरकारनें मोंतेरुशेल्लो येथें नवी वसाहत बांधून दिली. "घरें चांगलीं होतीं हो," त्या म्हणाल्या, "पण सासूबाई एका इमारतींत, जाऊबाई दुसऱ्या इमारतींत. एक चूल होती, तिच्या चार झाल्या." पुढें त्या हट्टानें परत आल्या. आतां मुलगा म्हणतो, नातवंडांना घेऊन उत्तरेकडे जाऊं. आजीबाई जाण्यास तयार नाहींत. मायलेकांत या विषयावर जेवतांना जें बोलणें झालें, त्यांतील शब्द आम्हांस फारसे कळले नाहींत. परंतु अर्थ कळण्यास भाषेची गरजही नव्हती. खरें सांगावयाचें तर आमचें मन मुलाच्या बाजूस झुकलें, आणि तसें झुकल्याबद्दल आम्हांस ओशाळल्यासारखेंही झालें.

त्याच रात्रीं तोफ उडावी तसा आवाज झाला आणि पलंग एकदांच हादरला. सारें घर जिन्यावरून खालीं आलें. आजीबाईंनीं दाराशेजारची पिशवी सहज उचलली. तींत घराचे कागद, औषधें आणि नातवाचा स्वेटर होता. रस्त्यावर शेजारी जमले, कोणी हंसलेंही. तासाभरानें जो तो परत गेला.

सकाळीं कुमाना गाडी उशिरा आली. रात्रीच्या धक्क्यानंतर रूळ तपासले जात होते. आजीबाई आम्हांस पोंचवावयास स्थानकापर्यंत आल्या होत्या. पिशवी त्यांच्या हातांतच होती.