नाव पुसलं तरी

द्वारका, सेक्टर १०. रात्रीचे दोन. विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाचा आवाज खिडकीवरून गेला आणि फोन वाजला: सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली.

आधी ‘डीएफ’ ही कमांड चालवली, जागा शून्य. फाइलींच्या नोंदींसाठीचे आयनोड मात्र भरपूर शिल्लक. मग ‘डीयू’नं फोल्डर मोजले, तर बेरीज निम्मीच. उरलेली जागा गेली कुठे? लिनक्समध्ये फाइल पुसली की यादीतून फक्त तिचं नाव जातं. एखादा प्रोग्राम ती उघडी धरून बसला असेल, तर जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’नं तो प्रोग्राम दाखवला. संध्याकाळी मीच घाईनं पुसलेली लॉग फाइल त्यानं धरून ठेवली होती. तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि डिस्कनं श्वास घेतला. यापुढे लॉग हातानं पुसायचे नाहीत; ते काम ‘लॉगरोटेट’चं.

पहाटे चहा घेताना आई आठवली. ती गेल्यावर तिचा नंबर मी फोनमधून काढला. तरी दर रविवारी सकाळी हात आपसूक फोनकडे जातो. मनानं ती नोंद अजून उघडी धरली आहे. ही जागा मात्र मला मोकळी करायची नाही.