हातचा एक

गणिताचे आणि आमचे वैर जुने. मराठी विषय घेऊन एम.ए. झालो, तेव्हा या शत्रूच्या तावडीतून कायमचे सुटलो, असे आम्हांस वाटले होते. परंतु मुख्याध्यापकाला सुटका कुठली? सीमाभागातील आमच्या सरकारी मराठी शाळेत गणिताचे शिक्षक रजेवर गेले आणि सातवीचा तास आमच्या गळ्यात पडला.

मुलांना रमवावे म्हणून आम्ही एक जुनी गंमत काढली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करीत नऊ एकांपर्यंत गेलो आणि फळ्यावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या अवतरली. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग! देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले. तेही शाळामास्तरच होते, हे सांगताना आमची छाती अंमळ फुगली. त्याच भरात आम्ही बोलून गेलो, “हा डोंगर असाच वाढत जातो. हवे तितके एक घ्या!”

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी वही घेऊन उभी राहिली. “गुरुजी, दहा एकांना डोंगर फुटतोय की.”

वर्ग आमच्याकडे पाहू लागला. “आकडेमोड चुकली असेल, बस खाली,” हे वाक्य अगदी ओठांवर आले होते. तीस वर्षांच्या मास्तरकीत ते किती मुलांना ऐकवले असेल, देव जाणे! पण कसे कोण जाणे, आम्ही वही मागून घेतली.

रात्री कंदिलासारखे डोळे करून गुणाकार मांडला. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रकान्यात नऊच एक येतात, म्हणून सारे सुरळीत चालते. दहा एक घेतले की तिथे दहा होतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडच्या नवाला द्यावा, तर त्याचेही दहा होऊन शून्यच उरते. पुढचा आठ तो हातचा घेऊन नऊ होतो आणि मग कुठे शांतता होते. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. वहीतही तेच होते, समासात बारीक अक्षरात ‘हातचा १’ असे लिहिलेले.

सकाळी आम्ही फळ्यावर आपले विधान लिहिले, मुलांदेखत खोडले आणि खाली तिचे उत्तर मांडले. वर्गात कोणीही हसले नाही. उलट त्या दिवसापासून मागच्या बाकांवरचे हात वर होऊ लागले.

नऊ या अंकाची आम्हांस आता थोडी कीव येते. भरून वाहण्याच्या बेतात असलेल्याला एका हातच्याने शून्य व्हावे लागते. मात्र त्याच हातच्याने शेजारचा आठ मोठा होतो, हेही वाचकहो, विसरू नये.