तीन थोर पाने आणि एक दार

पत्त्यांच्या खेळात थोर पानांचा मोह अनिवार असतो. राणी, राजा आणि एक्का असे त्रिकूट हाती आले की भल्याभल्या भिडूच्या चेहऱ्यावर राज्याभिषेकाची कळा चढते. आमच्या लहानपणच्या पाच-तीन-दोनमध्ये ही कळा सहसा वाया जात नसे. सात पानांचा स्टड पोकर मात्र या मोहाची मोठी कठोर परीक्षा पाहतो.

ओरत्तनाडूस येऊन आम्हांस तिसरे वर्ष लागले. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे भातखाचरांचे गाव. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेले छत्र येथे आहे. वाटसरूंस अन्न आणि आसरा देण्यासाठी ही छत्रे असत. अशा गावी मराठी कारकुनाने स्वतःस अगदीच परका म्हणवून घेणे बरे दिसत नाही. आठवड्यातून एकदा आमचे हेडक्लार्क, एक मलयाळी सहकारी, तंजावरचे एक मराठी राव आणि आम्ही असे चौघे ओसरीवर बसतो. पैशांऐवजी चिंचोके लावतो. रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली पोकरलाही त्याच पंक्तीस बसविले, आणि २०२५ साली केंद्राच्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घातली. चिंचोक्यांना यांपैकी कशाचीच बाधा नाही.

या खेळात प्रथम दोन पाने झाकून व एक उघडे मिळते. पुढे तीन उघडी आणि शेवटचे सातवे पुन्हा झाकून. सातांतली उत्तम पाच निवडायची. आता सरळ रांग लावण्याच्या आशेने तीन ओळीची थोर पाने धरून बसणाऱ्याचा हिशेब पाहा. दश्शी, गुलाम, राणी असतील तर रांग तीन वाटांनी पुरी होते: अठ्ठी-नव्वी, नव्वी-राजा किंवा राजा-एक्का. गुलाम, राणी, राजा असतील तर वाटा दोन. आणि राणी, राजा, एक्का या सर्वांत तालेवार त्रिकुटास दार एकच: दश्शीही हवी आणि गुलामही हवा. इतरांची पाने न पाहता कागदावर मांडले, तर उरलेल्या चार पानांत रांग लागण्याचा संभव पहिल्यास शेकडा १९, दुसऱ्यास १३ आणि तिसऱ्यास अवघा ७. जो जो मान वाढावा तो तो वाट अरुंद व्हावी, असा हा न्याय आहे.

मग शहाणे खेळाडू ही पाने धरतात तरी का? रांगेखातर नव्हे, तर जोडीखातर. चौथे पान उचलताना न दिसलेल्या ४९ पानांपैकी ९ पाने अशी असतात की त्यांतले कोणतेही आले तरी थोर जोडी जमते. मात्र डोळे उघडे हवेत. समोरच्यांपुढे दोन गुलाम उघडे पडले असतील तर आपले दार निम्मे लोटलेले समजावे. टाकून दिलेली पानेही ध्यानात ठेवावीत. आणि चौथे पान अगदीच निरुपयोगी आले तर राणी-राजा-एक्क्याचा तो ७ चा आकडा ४ वर येतो. तेव्हा पाने खाली ठेवावीत.

आमच्या हेडक्लार्कांस हे शिकवावे लागले नाही. त्यांची थोडी शेती आहे. मेट्टूरचे धरण रीतीप्रमाणे १२ जूनला उघडते आणि ते पाणी कल्लणैवरून कालव्याने इकडे येते. पण धरणात साठा नसेल त्या वर्षी ती तारीख टळते. म्हणून त्यांनी शेतात बोअर घेऊन ठेवली आहे. कालवा ही त्यांची रांग, बोअर ही जोडी.

आमच्या हातातली पाने याहून अवघड आहेत. तीर्थरूप वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे; साताऱ्याकडील गावी एकटे राहतात. बदलीचा अर्ज करून दीड वर्ष झाले. तिकडे जागा रिकामी व्हावयास हवी आणि इकडे आमच्या जागी माणूस यावयास हवा. दोन्ही घडले तरच बदली. एक घडून भागत नाही. दश्शीही हवी आणि गुलामही. परदेशी असावे तशा दूरच्या नोकरीतल्या कित्येक वाचकांस हे त्रिकूट ओळखीचे वाटेल. दर महिन्यास आपण टपालाकडे पाहतो, आणि तिकडे वडिलांच्या गुडघ्यांचे पान उघडे पडत जाते.

अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. त्याला काही खर्च नाही. पण त्याच्या भरवशावर बसणे मात्र सोडले. वडिलांनाच येथे आणावे असे कुटुंबाचे म्हणणे पडले. मागील अंगणाकडची खोली रिकामी केली आहे. त्यांच्याशी मराठीत बोलावयास राव आहेत आणि तमिळ बोलून त्यांना हसवावयास आमची मुलगी आहे. वडिलांनी फोनवर एवढेच विचारले, "तिकडे भाकरीचे पीठ मिळते का?" ज्वारीचे पीठ तंजावरहून आणता येईल असे आम्ही कळविले. होकार अद्याप आलेला नाही, नकारही नाही. थोर रांगेची वाट पाहण्यात जन्म घालविण्यापेक्षा हाताशी असलेली जोडी जुळविणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.