बेटावरची मास्तरकी

सुटीत पुण्यास आलो म्हणजे आप्तेष्टांकडून आम्हांस एक प्रश्न हटकून विचारण्यात येतो: "तुम्ही तेथे दिवसभर करता तरी काय?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन चित्रे असतात. एकात नारळीच्या सावलीत आरामखुर्ची टाकून आम्ही समुद्राकडे पाहत पहुडलेलो असतो. दुसऱ्यात अन्नपाण्यावाचून आमची दशा झालेली असून क्षितिजावर एखादे शीड दिसते का म्हणून आम्ही कपाळावर आडवा हात धरून उभे असतो. दोन्ही चित्रे खोटी आहेत. लक्षद्वीपातील कवरत्ती बेटावर आम्ही भूगोल शिकवितो, आणि कोठल्याही मास्तराप्रमाणे आमचा बराचसा दिवस वह्या तपासण्यात जातो. तथापि ज्या भूमीवर बसून त्या तपासावयाच्या ती भूमीच आगळी असल्याने आमच्या मास्तरकीसही थोडा आगळा रंग चढला आहे. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कवरत्ती हे लक्षद्वीपाच्या राजधानीचे ठिकाण, कोचीहून सुमारे ४०० किलोमीटरांवर. या द्वीपसमूहात सरकारी गणतीप्रमाणे ३६ बेटे असून वस्ती अवघ्या १० बेटांवर आहे. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटर भरते, आणि २०११ च्या शिरगणतीत एकंदर लोकसंख्या ६४,४७३ होती. आमच्या बेटाच्या वाट्यास त्यातील चार चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक जमीन आली आहे. सकाळी फिरावयास निघालेल्या गृहस्थास पूर्वेचा समुद्र पाहून पश्चिमेच्या समुद्रावर जाण्यास अर्धा तास पुरे होतो. उंची म्हणाल तर पर्वतीच्या पहिल्या दहाबारा पायऱ्या चढाव्यात, तेवढीच! पूर्वेस उघडा समुद्र आपटत असतो. पश्चिमेस मात्र पोवळ्यांच्या कड्याने वेढलेले हिरवेनिळे उथळ पाणी परातीतल्या पाण्यासारखे निवांत पडलेले असते.

आमचा दिवस पाण्याच्या विचाराने सुरू होतो. येथे नदी नाही, ओढाही नाही. पावसाचे जे पाणी वाळूत मुरते ते खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. दुधावर साय धरावी तशी ही गोड्या पाण्याची साय बेटाच्या पोटात धरलेली असते, आणि विहीर म्हणजे त्या सायीत घातलेली पळी. पळी जरा खोल गेली की खारे पाणी लागलेच! भरतीओहोटीबरोबर विहिरीचे पाणीही खालीवर होते. माणसे वाढली, उपसा वाढला, तशी ही साय पातळ होऊ लागली. तेव्हा चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली येथे एक यंत्रशाळा उभारली. समुद्राच्या पृष्ठावरील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करावयाची, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववावयाची, अशी ही युक्ती आहे. दिवसास १ लाख लिटर गोडे पाणी मिळावे अशा बेताने ती योजिलेली होती. आमच्या घरी ते पिण्यापुरते येते. तांदूळ धुतलेले पाणी अळवास, आणि आंघोळीचे केळीस, हा आमच्या सौभाग्यवतीचा दंडक आहे. पुण्यास गेल्यावर कोणी नळ मोकळा सोडून दात घासू लागला, तर आम्हां दोघांच्याही छातीत धस्स होते.

पाण्याखालोखाल महत्त्व जहाजाचे. कांदे, बटाटे, डाळी, औषधे, विजेच्या यंत्रांस लागणारे डिझेल आणि आमच्या शाळेचे खडू, सर्व काही समुद्रावरून येते. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांचे वेळापत्रक कोलमडते, आणि मालाची लहान गलबते तर किनाऱ्यासच लागून राहतात. चातुर्मासात कांदा वर्ज्य केल्याचे पुण्य ज्यांस इतरत्र निग्रहाने मिळवावे लागते, त्यांच्या पदरात ते येथे समुद्रच घालतो. अशा वेळी परसातला शेवगा आणि कोकणातल्याप्रमाणेच येथेही होणारा नीरफणस आमची लाज राखतात. नीरफणसाची कापे ताटात पडली की रत्नागिरीकडील आमच्या आजोळची आठवण होते. गणेशचतुर्थीस मूर्ती करावी तर बेटावर माती नाही, सगळी पोवळ्यांची वाळू! म्हणून आम्ही सुपारीवरच गणपतीचे आवाहन करितो.

बेटावरील वस्ती बहुतेक मुसलमानांची असून मासे हे त्यांचे मुख्य अन्न आहे. आमच्या शाकाहाराचे शेजाऱ्यांस प्रथम नवल वाटले, मग कीव आली, आणि शेवटी त्यांनी तो आमच्याइतकाच जपावयास घेतला. ईदेच्या दिवशी शेजारच्या आजीबाई पानात बांधलेला खोबरे-गुळाचा गोळा आणून देतात. त्यास येथे द्वीपउंडा म्हणतात. वेगळ्या भांड्यात केला आहे, असे त्या न विसरता सांगतात. नारळाच्या गोड रसास येथे मीरा म्हणतात, आणि त्याचाच गूळ करितात.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस या घराची रचना ऐकून कौतुक वाटेल. येथील जुन्या घराण्यास तारवाड म्हणतात, आणि ते आईच्या बाजूने चालते. जुन्या रिवाजाप्रमाणे मुलगी लग्न होऊन सासरी जात नाही. नवराच आपल्या आईचे घर न सोडता रात्री पत्नीच्या घरी येतो आणि सकाळी परततो. आता ही रीत पुष्कळ सैल झाली आहे. आमच्या मातोश्री परवाने काढून एकदा येथे येऊन राहिल्या होत्या. हे ऐकून त्या बराच वेळ स्तब्ध राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे लेकीला उंबरठा ओलांडताना रडावं लागत नाही म्हणायचं!"

या घराण्यांच्या मिळकतीचे दोन प्रकार आहेत. एकीस शुक्रवारची मिळकत म्हणतात, दुसरीस सोमवारची. शुक्रवारची मिळकत वाडवडिलांपासून आलेली. ती तारवाडाची, आईच्या वंशाने चालणारी. तिचे उत्पन्न सर्वांनी खावे, परंतु एकट्याने ती फुंकून टाकू नये, पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी द्यावी, असा जुना संकेत. सोमवारची मिळकत ज्याने त्याने स्वकष्टाने मिळविलेली. तिची वाटणी इस्लामी कायद्याप्रमाणे होते. हे दोन वार वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम आहे.

आता शाळेकडे वळू. पाठ्यपुस्तके लिहिणारे विद्वान मुख्य भूमीवर राहतात, त्यास इलाज नाही. डोंगर, दरी, नदीचे खोरे, आगगाडीचे जाळे, हे शब्द आमची मुले पाठ करितात आणि परीक्षेत बिनचूक लिहितातही. पण मनात काय चित्र उभे राहते, ते विचारल्यावाचून कळत नाही. एकदा नदीचा उगम, प्रवाह आणि मुख असे सर्व समजावून दिल्यावर सहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, नदीचं पाणी गोडं असतं ना? मग ते समुद्रात का जाऊ देतात?" मुख्य भूमीवर इतकी वर्षे आम्ही नद्या शिकविल्या, पण असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. याच मुलास वाऱ्याची दिशा कानाच्या पाळीवर कळते, आणि भरतीची वेळ त्यास घड्याळाकडे न पाहता सांगता येते. आम्ही त्यास नकाशा शिकवितो. नकाशावर त्याचे बेट शाईच्या ठिपक्याएवढेही नसते.

आठवीच्या वर्गात पोवळ्यांच्या बेटांचा पाठ आला की मुले सरसावून बसतात. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने पोवळ्यांची भिंत वर वाढत राहते, आणि अखेर डोंगर बुडून नुसते कडे उरते, हा सिद्धान्त डार्विनने १८४२ साली ग्रंथरूपाने मांडला. म्हणजे आपल्या पायाखालची वाळू ही त्या इवल्या जीवांच्या सांगाड्यांची भुकटी आहे. ते जीव जगले, वाढले, तरच बेट टिकावयाचे. पुढे ओघानेच सांगावे लागते की समुद्राचे पाणी फार काळ तापलेले राहिले म्हणजे पोवळे आपल्या अंगातील शेवाळ टाकून देते आणि पांढरे पडते. तसे येथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली मोठ्या प्रमाणावर झाले. मुलांस हे नवे नसते. त्यांच्या बापांनी ते पाण्यात उतरून पाहिलेले असते.

अशाच एका तासास मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, आमचं बेट किती वर्षं राहील?"

वर्ग एकदम शांत झाला. मास्तराच्या जन्मात असे प्रश्न फार थोडे येतात, आणि त्यांस "पुढल्या इयत्तेत शिकाल" असे उत्तर देता येत नाही. काही होणार नाही असे सांगावे तर ते असत्य. घाबरवून सोडावे तर ज्या लेकरांस याच वाळूवर घर बांधावयाचे आहे त्यांच्याशी तो निर्दयपणा. आम्ही ठाऊक होते तेवढे सांगितले. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटरांनी वाढली, म्हणजे जवळजवळ एक वीत. अलीकडे वाढीचा वेग अधिक आहे. बंगारमजवळचे परळी नावाचे एक निर्जन बेट १९६८ साली नकाशावर होते. ते लाटांनी पूर्णपणे खाल्ल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. वर्षांचा आकडा मात्र कोणासही सांगता यावयाचा नाही. तो पोवळ्यांवर आणि जगातील माणसांच्या वागण्यावर अवलंबून आहे.

मुलीने आपली वीत बाकावर ठेवून पाहिली. मग म्हणाली, "धूर तर दुसरीकडचे लोक करतात. सर, हवा शुक्रवारची की सोमवारची?"

आम्ही अर्थशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचे थोडेबहुत ग्रंथ चाळले आहेत, परंतु या विषयाचे इतके नेमके सूत्र आमच्या वाचनात आलेले नाही. हवा, समुद्र, पोवळ्यांचे कडे, ही सारी शुक्रवारची मिळकत. जगाने ती सोमवारची समजून खर्चावयास काढली, आणि तिचे पहिले देणे ज्यांनी खर्चात भागच घेतला नव्हता त्यांच्या दाराशी आले. आमच्या पुण्यातल्या घरातील थंडाव्याची यंत्रे आणि दारातील मोटार आम्हांस त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसली. बेटावरची वीजही बहुतांशी डिझेलवरच चालते, हे आम्ही मुलांस सांगितले. न्यायाने बोलावयाचे तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

त्या दिवसापासून वर्गाने एक वही घातली आहे. दर अमावास्येस व पौर्णिमेस, मोठ्या भरतीच्या वेळी, मुले दोन मापे घेतात. पूर्व किनाऱ्यावरील खूण केलेल्या एका माडापासून पाण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर हे पहिले, आणि शाळेजवळच्या एका विहिरीतील पाण्याची पातळी हे दुसरे. दोराने मापावयाचे, दोघांनी तपासावयाचे आणि नावानिशी लिहावयाचे, असा नियम आहे. पहिल्या पावसाळ्यात वाळू हटली, पुढे वारा फिरला तेव्हा थोडी परतही आली. दोन वर्षांच्या नोंदींवरून काही सिद्ध होत नाही, हे मुलांस आम्ही बजावले आहे. वीस वर्षांच्या नोंदींवरून होईल.

आमच्या नोकरीत बदली ठरलेली. पुढच्या उन्हाळ्यात आम्हांस बहुधा मुख्य भूमीवर जावे लागेल. आमच्या जागी येणाऱ्या शिक्षकांकरिता वहीच्या पहिल्या पानावर मापे घेण्याची रीत लिहून ठेवावी, असे मुलांनीच ठरविले. त्या मुलीने रीत सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि वर शीर्षकाच्या जागी एवढेच घातले: शुक्रवारची वही.