मेणबत्तीचा धूर

नाव नोंदवायला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच मुदत होती. लेक अकरावीत, न्यू जर्सीतल्या शाळेत. कॅल्क्युलस आणि फिजिक्स या दोन एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा ठरलेल्याच. तिसरी कलेच्या इतिहासाची. तिच्या शाळेत तो वर्गच नाही, म्हणजे अभ्यास घरी बसून, स्वतःचा स्वतः. "बसू का गं, आई?" असं तिनं तीनदा विचारलं आणि तिन्हीदा मी "बघू" म्हणाले.

शाळेत असताना मीही एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दिली होती. पण ती चित्र काढण्याची परीक्षा. चित्र पाहण्याचीही परीक्षा असते, हे मला इथे आल्यावर कळलं.

एका रात्री त्या परीक्षेची यादी घेऊन बसले. 250 कलाकृती. नामिबियातल्या गुहेतल्या, प्राणी रंगवलेल्या दगडांपासून आय वेवेच्या चिनी मातीच्या सूर्यफुलाच्या बियांपर्यंत. सांचीचा स्तूप आहे, खजुराहोचं लक्ष्मण मंदिर आहे, नटराज आहे, ताजमहाल आहे. अजिंठा नाही. वरून खाली कोरत आणलेलं वेरूळचं कैलासही नाही. जीव खट्टू झाला. मी तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "अगं, एका प्रश्नात यादीबाहेरचं काहीतरी येतं. कधीही न पाहिलेलं. ते कुणाचं असेल आणि कशावरून, ते लिहायचं." हे मला फार आवडलं. 1 तासात 80 बहुपर्यायी प्रश्न, मग 2 तासांत 6 लेखी उत्तरं, हे सगळं पाठांतरानं कदाचित निभेल. पण अनोळखी चित्रासमोर पाठांतर काय कामाचं?

त्या शनिवारी आम्ही मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला क्लॉइस्टर्स संग्रहालयात गेलो. यादीतलं एक चित्र तिथे आहे. रॉबर्ट कॅम्पिनच्या कार्यशाळेतलं, साधारण 1427 ते 1432 मधलं, तीन फळ्यांचं. मला वाटलं होतं भिंतभर असेल. प्रत्यक्षात दोन फुटांहून जरासं उंच. मधल्या फळीत मेरी वाचत बसलीय, देवदूत नुकताच आत आलाय आणि तिला त्याचा पत्ताच नाही. खोली मात्र अगदी घरातली. कोनाड्यात टांगलेलं पाण्याचं भांडं, बाजूला टॉवेल. उजवीकडच्या फळीत जोसेफ सुतारकाम करतोय आणि त्यानं केलेला उंदराचा सापळा खिडकीच्या फळीवर मांडलाय.

माझं पाच मिनिटांत पाहून झालं. लेक वही उघडून उभी. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मी बाकावर जाऊन बसले. मग तिनं हातानं मला बोलावलं. "टेबलावरची मेणबत्ती बघ."

मेणबत्ती विझलेली होती. आत्ताच, या क्षणी. वातीवरून धुराची बारीकशी रेघ वर चढत होती. आणि डावीकडच्या खिडकीतून इवलंसं बाळ, खांद्यावर क्रूस घेऊन, प्रकाशाच्या किरणांवरून आत येत होतं. सहाशे वर्षांच्या आसपास तो धूर तसाच थांबलाय. मला तो दिसलाच नव्हता.

परतताना गाडीत ती वहीत खरडत होती. पूल ओलांडताना तिनं मान वर केली.

"आई, तू अजिंठ्याचा पद्मपाणी पाहिलास ना? शाळेच्या सहलीत?"

"हो तर. एक नंबरच्या लेण्यात."

"त्याचं कमळ कुठल्या हातात आहे?"

मला आठवलं ते असं: बाहेरच्या उन्हातून आत आल्यावरचा गच्च अंधार, पहारेकऱ्यानं भिंतीवर फिरवलेला दिवा, झुकलेले डोळे, आणि मागून सरांचा आवाज, चला, पुढे चला. हात आठवेना. मी तिला म्हणाले, "घरी जाऊन बघू." या वेळी "बघू" म्हणजे खरंच बघायचं होतं.

त्याच रात्री तिनं नाव नोंदवलं.